दुपारी बंद, रात्री सुरू: गाडीच्या मीटरची बोर्डापर्यंत जाऊन दुरुस्ती

मे महिन्यात रावेरकडचे एक आबा गाडी घेऊन आले. गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "भो, दुपारले मीटर बंद पडी जास, रातले बराबर चालस." त्याआधी दोन ठिकाणी त्यांना पूर्ण मीटर बदलायला सांगितलं होतं. खरं तर त्या एका वाक्यातच निम्मं निदान झालेलं होतं, फक्त ते कुणी नीट ऐकलं नव्हतं.

सुया, किलोमीटर दाखवणारी काच आणि वॉर्निंगचे दिवे असा सगळा संच आपल्याकडे 'मीटर' म्हणूनच ओळखला जातो. त्याच्या मागे तळहाताएवढा किंवा थोडा मोठा एक बोर्ड असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद गाडी उन्हात उभी असेल तर डॅशबोर्डचा वरचा भाग ७०-८० अंशांपर्यंत तापतो. बोर्डाचं फायबर, तांब्याचे ट्रॅक, सोल्डर, कनेक्टरचं प्लास्टिक आणि डिस्प्लेची काच, प्रत्येकाचं प्रसरण वेगळं. दुपारी सगळं ताणलं जातं, रात्री आखडतं. अशी सात-आठ वर्षं गेली की कुठेतरी केसाएवढी भेग पडतेच. माझ्या टेबलावर येणारी बहुतेक मीटरं जळालेली नसतात, त्यांचे सांधे सुटलेले असतात. आणि सुटलेलं जोडता येतं.

आधी विचारा, मग उघडा

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी गाडीवाल्याला विचारा: मीटर कधी बंद पडतं? दिवसाच्या कोणत्या वेळी? खड्ड्यात आदळल्यावर की गाडी धुतल्यावर? पूर्ण बंद पडतं की थोडंच?

सुया, दिवे आणि डिस्प्ले सगळं एकदम जातं, वरून थाप मारली की परत येतं, असं असेल तर संशय कनेक्टरच्या पिनांवर किंवा सप्लायच्या भागावर घ्यायचा. सुया चालतात, पण आकड्यांच्या काही रेघा गायब आहेत, ८ चा ३ दिसतो, तर काच आणि बोर्ड यांच्यामधली जोडणी सुटलीय. डिस्प्ले अंधारा आहे, पण मोबाइलचा टॉर्च तिरका मारला की आकडे दिसतात, तर फक्त मागचा उजेड गेलाय. एकच सुई मेलीय तर तिची मोटर, तिचा सांधा किंवा मुळात सेन्सरकडून येणारा सिग्नल पाहायचा.

एक प्रकार मात्र वेगळा ओळखा. भर उन्हात फक्त एलसीडीची काच काळी पडते किंवा कोरी होते, सुया आणि दिवे व्यवस्थित असतात, आणि गाडी थंड झाली की काच आपोआप पूर्ववत होते. इथे बोर्डाचा काही दोष नाही. काचेतल्या लिक्विड क्रिस्टलची रचना ठरावीक तापमानाच्या वर विस्कटते आणि थंड झाल्यावर परत जुळते. अशा मीटरला सोल्डरिंग गन लावणं म्हणजे चांगल्या बोर्डाला उगाच इजा करणं. समोरच्या काचेला ऊन अडवणारा पडदा लावायला सांगा. काच कायमची तपकिरी झाली असेल आणि मीटर उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर काचेवरची पोलरायझर फिल्म (उजेड गाळणारा पातळ पडदा) सडलीय. ती बदलावी लागते.

गाडीतच होणारी तपासणी

मीटर बंद म्हणजे मीटर खराब असं नाही. आधी फ्यूज पाहा, पण नुसत्या डोळ्यांनी नाही. मल्टिमीटर लावून फ्यूजच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट येतात का ते मोजा. मीटरला साधारणपणे दोन सप्लाय येतात: एक बॅटरीचा कायमचा, दुसरा चावी फिरवल्यावरचा. कायमचा गेला तर घड्याळ आणि ट्रिप पुसली जाते, चावीचा गेला तर मीटर जागंच होत नाही.

मग अर्थिंग, म्हणजे अर्थ. मीटरच्या अर्थ पिनवर एक प्रोब आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर दुसरा ठेवून, लाइट-पंखा सगळं चालू करून व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थाचा स्क्रू गंजलेला किंवा ढिला आहे. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आसपास फिरणाऱ्या गाड्यांमध्ये सांध्यांवर किट्टण आणि धुळीचा थर बसतो, तो ओल धरतो आणि तिथून गंज सुरू होतो. शेतात किंवा गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदराने कुरतडलेली वायरही हमखास सापडते.

नव्या गाड्यांमध्ये वेग, आरपीएम, तापमान ही सगळी माहिती कॅन नावाच्या डिजिटल लाइनच्या दोन वायरींवरून येते. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात त्याच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. ज्या गाड्यांमध्ये मधे गेटवे (लाइनी वेगळ्या ठेवून निरोप पुढे देणारा बॉक्स) बसवलेला असतो तिथे हे माप मीटरच्या लाइनबद्दल काही सांगत नाही. मग थेट मीटरच्या कनेक्टरवरच मोजावं लागतं.

मीटर काढताना

चावी फिरवून किलोमीटरचा फोटो काढा, तारखेसह. डिस्प्ले बंद असेल तर सर्व्हिसच्या बिलावरचा शेवटचा आकडा लिहून घ्या. मग बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प काढा आणि निदान पाच-दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या यंत्रणेत काही वेळ चार्ज शिल्लक असतो आणि तुमचे हात स्टीअरिंगच्या अगदी जवळ काम करणार असतात. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी मालकाकडून घ्या.

बाजूची पट्टी प्लास्टिकच्या पट्टीने उचला, लोखंडी पेचकस घालू नका. उन्हाने वाळलेल्या प्लास्टिकच्या क्लिपा थंडीत कटकन तुटतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी काम असेल तर हेअर ड्रायरने जरा ऊब द्या. स्क्रू बहुतेक टॉर्क्सचे (चांदणीसारख्या खाचेचे) असतात. कनेक्टरचं लॉक आधी उघडा, मगच ओढा.

सुया काढणं

हे काम फार नाजूक. सुरुवातीच्या वर्षी मी एका मीटरची सुई सरळ वर ओढली आणि मोटरचा दांडाच तिच्याबरोबर बाहेर आला. ती मोटर बदलावी लागली, आणि तेव्हापासून माझी पद्धत ठरली.

आधी डायलवर पातळ कागदी टेप लावून प्रत्येक सुई कुठे थांबलीय तिथे पेन्सिलने बारीक खूण करायची. सुईखाली जुनं प्लास्टिकचं कार्ड मध्ये चीर पाडून सरकवायचं, म्हणजे डायलवर ओरखडा येत नाही. मग दोन बाजूंनी दोन चमचे टेकवून सारख्या जोराने, थोडं थोडं वर उचलायचं. सुई हाताने गोल फिरवून ढिली करायचा मोह आवरा, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात.

टेबलावर जोडणी

मीटर बोर्डापर्यंत उघडलं की लगेच गन हातात घेऊ नका. करंट-लिमिटचा पॉवर सप्लाय १२.५ व्होल्टवर ठेवा, लिमिट अर्ध्या अँपिअरला. गाडीच्या वायरिंगचा नकाशा पाहून अर्थ, कायमचा सप्लाय आणि चावीचा सप्लाय जोडा. नकाशा नसेल तर पिना अंदाजाने जोडू नका. बोर्डावर जाड कॉपरचा पट्टा ज्या पिनला जातो ती अर्थ, आणि ज्या पिनवरून ट्रॅक थेट एका डायोडकडे जातो ती बहुधा सप्लाय. कंटिन्युइटीवर बीप ऐकून खात्री करा, मगच सप्लाय लावा.

साधं सुईवालं मीटर बहुधा या लिमिटच्या आत चालतं. सप्लाय लिमिटला अडकला आणि व्होल्टेज खाली पडलं तर आत शॉर्ट आहे. करंट अगदी शून्य असेल तर आत सप्लाय पोहोचतच नाही. करंट ठीक पण डिस्प्ले अंधारा असेल तरी घाबरू नका, काही मीटर कॅनवरून निरोप आल्याशिवाय जागं होत नाही.

खानदेशातल्या उन्हाळ्याची एक अडचण इथेच सांगतो. एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की टेरिलीनचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. तीच ठिणगी मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे बोर्डाचा मेंदू असलेल्या चिपला, मारते. मनगटाला अर्थचा पट्टा बांधा, सुती कपडे घाला. आणि कूलरची हवा सरळ टेबलावर घेऊ नका. त्याने सोल्डर असमान थंड होतं आणि ओलसर हवा उघड्या बोर्डावर बसते.

भेग शोधणं

आबांचा बोर्ड मी भिंगाखाली धरला. कनेक्टरच्या पिना मागच्या बाजूने पाहिल्या. चांगल्या सांध्यात सोल्डर पिनेला चहूबाजूंनी चिकटून, डोंगराच्या पायथ्यासारखं उतरत जातं. या बोर्डात तिसऱ्या पिनेभोवती एक काळसर गोल रेघ होती, जणू कुणी सुईच्या टोकाने पिनेभोवती वर्तुळ काढलंय. सरळ वरून पाहिलं तर ती दिसत नाही, बोर्ड तिरका धरून बाजूने उजेड मारला की दिसते. लाकडी काडीने पिन हळूच हलवली तर सोल्डर जागेवर राहिलं आणि पिन त्यात हलली. तीच अर्थची पिन होती. दुपारी कनेक्टरचं प्लास्टिक फुगायचं, पिन भेगेत सरकायची, संपर्क तुटायचा. रात्री सगळं आखडून परत टेकायचं.

भेग डोळ्यांना दिसत नसेल तर उष्णतेलाच कामाला लावा. बोर्ड सप्लायवर चालू ठेवून हेअर ड्रायरने एकेक भाग तापवा. दोष उमटला की तिथे थांबा. मग दाबलेल्या हवेचा स्प्रे-डबा उलटा धरून त्यातला थंड फवारा एकेका सांध्यावर मारा. ज्या सांध्यावर मारल्यावर मीटर परत येतं, तो तुमचा गुन्हेगार. गाडीत जी गोष्ट दुपारी तीनला घडते ती टेबलावर दहा मिनिटांत घडवून आणता येते. इतकं साधं, स्वस्त आणि खात्रीचं दुसरं हत्यार मला माहीत नाही.

डाग देताना नुसतं वरून नवं सोल्डर टाकू नका. फ्लक्स लावून जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) ओढून घ्या. कंपनीतून येणारं सोल्डर बहुधा शिशाविना असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, आपलं ६३/३७ चं (कथील-शिशाचं) १८३ अंशांना. दोन्हींची खिचडी झाली की सांधा खडबडीत होतो. गनचं टोक ३३० ते ३५० अंशांवर ठेवा, पिन आणि पॅड दोन्ही एकाच वेळी तापवा, तीन सेकंदांत काम संपवा. अर्थची पिन मोठ्या कॉपरला जोडलेली असते, ती उष्णता पिऊन घेते, तिथे ३७० पर्यंत आणि रुंद टोक लागतं. एक पिन भेगाळलेली सापडली तर त्या कनेक्टरच्या सगळ्या पिना करून घ्या, बाकीच्यांनीही तेवढंच ऊन सोसलेलं असतं. काम करताना खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा, शिसं हाताला राहतं.

सप्लायचा भाग

कनेक्टरपासून १२ व्होल्टचा माग काढत चला. आधी उलट पोलॅरिटीपासून वाचवणारा डायोड, मग मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, मग रेग्युलेटर, आणि त्यातून ५ किंवा ३.३ व्होल्ट. जिथे व्होल्टेज संपतं त्याच्या एक पाऊल मागे दोष असतो. कुणी बाहेरची बॅटरी उलटी जोडून गाडी सुरू करायला गेलं असेल तर बहुधा हा डायोड किंवा त्याच्याजवळचा ट्रॅक उडालेला सापडतो.

कपॅसिटरबद्दल थोडं सविस्तर. १०५ अंशांचा, दोन हजार तासांचा कपॅसिटर म्हणजे १०५ अंशांवर दोन हजार तास. साधारण हिशेब असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ६५ अंशांवर तोच बत्तीस हजार तास टिकतो, ८५ वर फक्त आठ हजार. म्हणून आपल्याकडे ८५ अंशांचा स्वस्त कपॅसिटर मीटरमध्ये कधीच बसवू नका, १०५ चा किंवा त्याहून वरचाच घ्या. व्होल्टेज मूळ एवढं किंवा जास्त, उंची मात्र झाकणाखाली मावेल एवढीच. वरून फुगलेला, पायाशी तपकिरी डाग असलेला किंवा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) वाढलेला कपॅसिटर काढून टाका. बाहेर आलेला द्रव ट्रॅक खातो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय नवा बसवायचा नाही. थंडीत सकाळी मीटर अडखळतं आणि तापल्यावर सुधारतं, अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी इथेच पाहा.

५ व्होल्टची लाइन शॉर्ट दाखवत असेल तर एखादा सिरॅमिक कपॅसिटर आतून तडकलेला असण्याची शक्यता मोठी. बोर्डाचा मूळ सप्लाय काढून त्या लाइनवर एक व्होल्ट, अर्धा ते एक अँपिअर द्या आणि वरून आयसोप्रोपिलचा पातळ थर पसरा. जिथला थर सगळ्यांत आधी उडतो तिथे शॉर्ट. आसपास पेटती गन किंवा काडी नको, आयसोप्रोपिल लगेच पेट घेतं.

डिस्प्ले आणि उजेड

मागचा उजेड गेला असेल तर एलईडी तपासा. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, मल्टिमीटरच्या डायोड मोडवर चांगला एलईडी मंद पेटतो. एका ओळीत जोडलेले असतील तर एक मेला की सगळी ओळ काळोखात जाते. नवा टाकताना दिशा पाहा, आणि एकच बदलला तर त्याचा रंग बाकीच्यांहून वेगळा दिसतो, म्हणून ओळ पूर्ण बदललेली बरी.

रेघा गायब असतील तर काच बोर्डाला कशी जोडलीय ते पाहा. काच आणि बोर्डामध्ये रबराची काळ्या-पांढऱ्या थरांची पट्टी असेल तर तो झेब्रा. पट्टी, काचेची कड आणि बोर्डावरचे पॅड आयसोप्रोपिलने हलकेच पुसा, बोटांनी शिवू नका, आणि फ्रेम सारख्या दाबाने बसवा. निम्मी मीटरं एवढ्यानेच सुधारतात. पातळ रिबन उष्णतेने चिकटवलेली असेल तर काम अवघड. गनला रुंद चपटं टोक, मध्ये टेफ्लॉनची पट्टी, तापमान कमी, आणि रिबनवर हळूहळू सरकता दाब. हे आधी रद्दीतल्या बोर्डावर शिका. त्या मॉडेलची नवी रिबन मिळत असेल तर जुनी चिकटवत बसण्यापेक्षा ती घ्या. रंगीत टीएफटी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत एकच रंगीत रेघ आली असेल आणि केबल दाबूनही जात नसेल तर काचेवरची जोडणी गेलीय. ती आपल्या टेबलावर होत नाही, पॅनेलच बदलावं लागतं, आणि गाडीवाल्याला हे पहिल्याच दिवशी सांगावं.

सुईच्या मोटरला चार पिना आणि दोन कॉइल असतात. नेहमी दिसणाऱ्या एक्स२७ जातीच्या मोटरमध्ये प्रत्येक कॉइल २८० ओहमच्या आसपास येते. दोन्ही सारख्या हव्यात. एक ओपन असेल तर मोटर बदला. दोन्ही ठीक असतील तर पिनांचे चारही सांधे नव्याने करा.

मेमरीला हात लावण्याआधी

किलोमीटरचा आकडा बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या ईईप्रॉममध्ये (मेमरीच्या चिपमध्ये) किंवा थेट मायक्रोकंट्रोलरमध्ये असतो. काही गाड्यांमध्ये चावीची ओळखही तिथेच असते, ती बिघडली तर गाडीच सुरू होत नाही. म्हणून त्याच्या आसपास गरम हवेची गन चालवायची असेल तर आधी मेमरी वाचून प्रत ठेवा. बोर्ड वाचवता आला नाही आणि जुन्या बाजारातला दुसरा घेतला, तर मूळ मेमरी नव्या बोर्डावर नेली जाते, म्हणजे गाडीचा खरा आकडा कायम राहतो. हे बिलावर लिहा. आकडा कमी करून द्या म्हणून येणारेही असतात. त्यांना मी दारातूनच परत पाठवतो. पुढे ती गाडी घेणारा एखादा शेतकरी आपल्या पिकाचे पैसे मोजून घेणार असतो.

बंद करताना

फ्लक्स पुसून बोर्ड पूर्ण वाळू द्या. दुरुस्त केलेल्या सांध्यांवर अॅक्रिलिकच्या कोटिंगचा पातळ हात मारा, मात्र कनेक्टरच्या आत, झेब्राच्या पॅडवर आणि मोटरच्या दांड्यांवर ते जाता कामा नये. सुया पेन्सिलच्या खुणेवर बसवा, डायलपासून सुमारे एक मिलिमीटर अंतर ठेवून. फार दाबली तर घासते आणि उन्हात अडकते. मग टेबलावर चावी चालू-बंद करून सुया पूर्ण फिरून शून्यावर येतात का ते पाहा, आणि हेअर ड्रायरने पुन्हा एकदा अर्धा तास ऊब देऊन बोर्डावर लक्ष ठेवा.

गाडीत बसवल्यावर लगेच चावी हातात देऊ नका. आबांची गाडी मी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काचा बंद करून उन्हात उभी केली. साडेतीनला दार उघडलं, स्टीअरिंगला हात लागत नव्हता. रुमाल धरून चावी फिरवली. सुया शेवटापर्यंत जाऊन परत आल्या, दिवे लागले, किलोमीटर फोटोतल्या आकड्याएवढाच होता. आबांनी त्याच उन्हात रावेरचा रस्ता धरला.